दुसरीच्या घरातली एक गोष्ट

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात चालू राहू द्या. आज आम्ही घराच्या आतल्या मांडणीबद्दलच बोलणार आहोत.

आम्ही माणदेशातल्या एका लहान गावातल्या अकरा जणी. आमचा बचत गट आहे. महिन्याच्या पाच तारखेला बसतो, हप्ते गोळा करतो, कर्जाचे अर्ज वाचतो. गेल्या वर्षी चैत्रात आमच्या एका वहिनींनी अर्ज टाकला. रक्कम पंचवीस हजार. कारण लिहिलं होतं, ‘घर सजवणे’.

वहिनींना घरकुल मंजूर झालं होतं. जोतं झालं होतं, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या आणि पुढचा हप्ता यायचा होता म्हणून काम थांबलं होतं. त्यांनी मोबाइलमधला एक फोटो आम्हाला दाखवला. मालिकेतल्या घराचा हॉल होता तो. वर पीओपीचं नक्षीचं छत, त्यात लपवलेले दिवे, भिंतभर काचेचं शोकेस, मधोमध गुबगुबीत सोफा. वहिनी म्हणाल्या, “जन्म गेला पाचटाच्या छपरात. आता एकदाच घर होतंय, तर ते बघण्यासारखं होऊ दे की.”

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. बाईमाणसाला आपलं घर देखणं असावं असं वाटणारच. पण आमच्यातल्या आक्का खाली मान घालून बसल्या होत्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी आक्कांनी असंच अठरा हजाराचं कर्ज काढून पत्र्याखाली पीओपीचं छत केलं होतं. शेकडा दोन रुपयांनी पहिल्या महिन्याचं व्याजच तीनशे साठ रुपये. पत्रा आणि छत यांच्या मधल्या पोकळीत उंदरांनी घर केलं. पहिल्याच वळवात पत्र्याच्या खिळ्यातून पाणी झिरपलं, छत फुगलं आणि एका रात्री त्याचा हातभर तुकडा पोराच्या अंथरुणाशेजारी पडला. पोर वाचलं. कर्ज फेडायला मात्र दोन शेळ्या विकाव्या लागल्या.

वहिनींना नाही म्हणायचा अधिकार आम्हाला होता का? पैसा गटाचा असला तरी घर त्यांचं. त्या दिवशी बराच वाद झाला. एक जण म्हणाली, हौसेला कर्ज द्यायचंच नाही असा नियम करू. दुसरी म्हणाली, गडीमाणसं मोटारसायकल घेतात तेव्हा त्याला हौस म्हणतो का आपण? शेवटी थोरल्या काकूंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, “फोटोतलं घर आपल्यापैकी कुणी आत जाऊन बघितलंय? नाही ना. मग जी घरं आत जाऊन बघता येतात ती आधी बघू. पुढचा हप्ता येईतोवर वहिनींना तरी कुठं घाई आहे?”

तेव्हापासून बैठक देवळात न भरवता दर महिन्याला एकीच्या घरी भरवायची असं ठरलं. नियम तीनच केले. पहिला, फक्त चहा. पोहे, शिरा काही करायचं नाही, म्हणजे कुणावर खर्च पडत नाही. दुसरा, कुणाच्या घराला नावं ठेवायची नाहीत. तिसरा, निघताना प्रत्येकीनं सांगायचं, की या घरातली कोणती एक गोष्ट मी माझ्या घरी नेणार. वस्तू नाही बरं का, युक्ती.

पहिली बैठक थोरल्या काकूंकडे. त्यांचं घर जुनं, धाब्याचं. वर पांढऱ्या मातीचं माळवद, भिंती दीड हात जाड. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखं वाटत होतं. आम्ही या घरात शंभरदा आलो असू. पण ‘काय नेणार’ हे सांगायचं म्हटल्यावर डोळे वेगळे झाले.

भिंतीत कोनाडे होते. एक दाराशेजारी, बाहेरून आल्यावर किल्ली आणि बॅटरी ठेवायला. एक चुलीजवळ, मिठाच्या बरणीला. एक अंथरुणाच्या उशाला, चष्म्याला आणि गोळ्यांच्या पाकिटाला. एक देवाचा. कोनाड्याला लाकूड लागत नाही, काच लागत नाही, तो जागा अडवत नाही आणि त्याचा कोपरा डोक्याला लागत नाही. कोपऱ्यात उतरंड होती. सगळ्यात मोठा डेरा खाली, वर चढत्या क्रमानं लहान लहान मडकी. हातभर जागेत किती जिन्नस मावला होता! दाराच्या मागे खुंट्या. आढ्याला शिंकं. म्हणजे मांजर, मुंगी आणि लहान पोर, तिघांपासून दूध सुरक्षित.

वहिनी बराच वेळ कोनाड्यात हात घालून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या भिंती अजून कमरेपर्यंतच आहेत. कोनाडे करायचे तर आत्ताच सांगायला हवं.”

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोनाडा करायचा असेल तर तो भिंत उठतानाच ठेवावा लागतो. नऊ इंची विटेच्या भिंतीत साडेचार इंच खोल कोनाडा निघतो आणि मागे अर्धी वीट राहते. वरच्या बाजूला फरशीचा किंवा काँक्रीटचा आडवा तुकडा टाकायला गवंड्याला सांगायचं. पण भिंत झाल्यावर छिन्नी-हातोड्यानं फोडून कोनाडा करू नका, भिंत कमजोर होते. आणि चार इंची भिंतीत तर कोनाड्याचा विचारच नको, तिथं फळी आणि खुंटी.

दुसरी बैठक गटातल्या सगळ्यात धाकट्या सूनबाईच्या घरी. तिचं घरकुल नवंकोरं. स्वयंपाकघरात काळ्या कडाप्प्याचा लखलखीत ओटा. पण भाकरीची परात खाली जमिनीवर आणि ओट्यावर टीव्हीचं खोकं. आम्ही विचारलं, “ओटा असून खाली का गं?” ती हसून म्हणाली, “ओटा उंच झालाय. पीठ मळायला गेले की खांदे कानाला लागतात.” टेपनं मापलं. ओटा छत्तीस इंच. सूनबाईची उंची चार फूट दहा इंच. गवंड्यानं शहरातल्या कुठल्यातरी मापानं बांधला होता आणि बांधताना ज्या बाईनं तिथं उभं राहायचं तिला कुणी उभं करून पाहिलंच नव्हतं.

या बैठकीत आमच्यातल्या एका शिकलेल्या लेकीनं एक हकिगत सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. जर्मनीत फ्रँकफुर्ट नावाचं शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांची फार टंचाई होती. नगरपालिका कामगारांसाठी लहान लहान घरं बांधत होती, आपल्या घरकुलासारखीच. त्या घरांचं स्वयंपाकघर आखायचं काम १९२६ साली मार्गारेटं श्यूट्टं-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियाच्या एका बाईनं केलं. ती वास्तुविशारद होती. त्या काळी या कामात बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिला युक्ती कुठं सापडली असेल? राजवाड्यात नाही. आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघरात. एवढ्याशा डब्यात उभं राहून इतक्या माणसांचं जेवण कसं निघतं, हे तिनं ध्यानात घेतलं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, कोणत्या कामानंतर कोणतं काम येतं, याचा हिशेब मांडला. सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब जागेत तिनं सगळं स्वयंपाकघर बसवलं. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात झाली.

हे ऐकून आक्का म्हणाल्या, “मग आपण आपली पावलं मोजली तर?” आम्ही मोजली. सूनबाईला नेहमीसारखा चहा करायला सांगितलं आणि सगळ्याजणी भिंतीला टेकून बसलो. पाण्याची घागर एका टोकाला, गॅस दुसऱ्या टोकाला, साखर-पत्तीचे डबे बाहेरच्या खोलीतल्या फळीवर. एका चहाला एकेचाळीस पावलं! डबे गॅसजवळच्या फळीवर आणले, घागर ओट्याच्या कडेला आणली आणि पुन्हा चहा केला, तेव्हा बारा. खर्च शून्य. उंच ओट्यापुढं तिनं पुढं एक चार इंच उंचीची, ओट्याच्या लांबीएवढी लाकडी फळी टाकली. लांबीएवढी अशासाठी, की तिच्यावरून पाय घसरून पडायला नको. आता परात ओट्यावर आली आहे.

ओट्याची उंची ठरवायची सोपी रीत सांगतो. सरळ उभं राहा, हात कोपरात वाकवा. कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. त्याहून खात्रीचं म्हणजे बांधायच्या आधी विटा रचा, त्यावर पाट ठेवा, पाटावर परात ठेवा आणि खरोखरचं पीठ मळून बघा. एक-एक वीट काढा, घाला. पाठ आणि खांदे ज्या उंचीला गप्प बसतील ती तुमची उंची. घरात दोघी-तिघी स्वयंपाक करत असाल तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा.

तिसरी बैठक आमच्या एका मावशींकडे ठरली. मावशी म्हणाल्या, “माझ्याकडे नको. बघण्यासारखं काही नाही. एक खोली, वर पत्रा. तुम्ही बसणार कुठं?” आम्ही आग्रह धरला, त्या गप्प झाल्या. त्या रात्री आमच्यातल्या दोघींना वाटलं की आपण त्यांना उगीच अडचणीत टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन सांगितलं, “मावशी, मनात नसेल तर राहू द्या.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “या. पण चहा गुळाचा मिळेल.”

मावशींचं वय साठीच्या पुढं. त्यांच्या सासूबाई पंचाऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही आत गेलो आणि पाहतो तर सासूबाई उठल्या, भिंतीला बांधलेल्या सुताच्या दोरीवर हात ठेवला आणि कुणाचा आधार न घेता न्हाणीकडे निघाल्या. दोरीला एके ठिकाणी गाठ होती. गाठ हाताला लागली तशा त्या थांबल्या, पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. पुढं दोन गाठी होत्या, तिथं पायरी.

मावशी सांगू लागल्या. पाण्याचा तांब्या कायम खाटेच्या उजव्या पायाशी. मिठाच्या बरणीच्या गळ्याला चिंधी, साखरेच्या डब्याला काही नाही, म्हणजे म्हातारीला हातानं कळतं. मावशींना स्वतःलाही संध्याकाळी कमी दिसतं, म्हणून उंबऱ्याच्या आणि पायरीच्या कडेला त्या दर सणाला चुन्याचा पांढरा पट्टा ओढतात. खोलीच्या मधोमध जुन्या लुगड्याची गोधडी दोरीवर टाकलेली. दिवसा बाजूला सारायची, रात्री ओढली की सासूबाईंची वेगळी खोली. पत्र्यावर उन्हाळ्याच्या आधी चुन्याचे दोन हात. सूर्याचं ऊन पांढऱ्यावरून परततं आणि आत ताप कमी लागतो.

चुन्याचं ज्यांना करायचं असेल त्यांनी काळजी घ्या. कळीचा चुना भिजवताना उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. पोरांना लांब ठेवा, तोंड बाजूला धरा आणि पुरता निवल्यावरच हात घाला. त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल कालवला की तो लवकर धुपत नाही. आणि पत्रा तापला नसेल अशा सकाळच्या वेळी, खाली कुणीतरी शिडी धरून ठेवलेली असतानाच लावा.

निघताना काय नेणार हे सांगायची वेळ आली, तर अकरा जणींपैकी सात जणींनी एकच सांगितलं, चुन्याचा पट्टा. आक्कांनी दोरी सांगितली, कारण त्यांच्या नवऱ्याचे गुडघे गेलेत. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, “हे मी गरजेपायी केलंय गं. याला काय सजावट म्हणायची?”

आम्ही त्यावर पुष्कळ बोललो. आमचं मत असं झालं, की घर सजवायला शिकलेल्या मोठ्या माणसांनीही असंच बघून बघून शिकलंय. लॉरी बेकर यांचंच घ्या. इंग्लंडमध्ये शिकून आलेले वास्तुविशारद, पुढं केरळात त्यांनी स्वस्त आणि देखणी घरं बांधली, १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी ते हिमालयात पिथोरागडला कितीतरी वर्षं राहिले होते. तिथल्या गावकऱ्यांची दगडमातीची घरं पाहून, तिथल्या गवंड्यांकडून आपण खूप शिकलो, असं ते मानत. परदेशातून आलेला माणूस आपल्या गावठी घराकडे बघून शिकला आणि आपण मोबाइलमधल्या घराकडे बघतोय.

आता रंगाचं आणि नक्षीचं. तीही हौस पुरवायलाच हवी. वहिनींना भिंतीवर वारली चित्रं काढायची होती. चांगलीच आहेत ती. पण ती चित्रं म्हणजे काय हे आधी जाणून घ्या. वारली बांधवांच्या घरी लग्नात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठानं देवचौक लिहितात. तो त्यांच्या लग्नविधीचा भाग आहे. पुढं जिव्या सोमा मशे यांनी ती कला रोजच्या कामाच्या, शेताच्या, नाचाच्या चित्रांतून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी चितारलं ते त्यांच्या अंगणातलं, त्यांच्या शेतातलं. मग आपल्या अंगणात काय आहे?

वहिनींनी माहेरून आलेली गोधडी अंथरली. त्यांच्या आईनं शिवलेली. बाहेरून आत येत जाणारे चौकोन, मधोमध लाल खणाचा तुकडा. त्या म्हणाल्या, “माझी नक्षी ही.” दिवाळीच्या आधी आम्ही सगळ्याजणी जमलो. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर गेरूनं त्या गोधडीचे चौकोन काढले. दोऱ्याला गेरू लावून तो ताणून फटका मारला की सरळ रेघ उठते, ही युक्ती गावातल्या सुताराची. टाक्यांच्या जागी बारीक ठिपके. ते काम करायला दोन दुपारी लागल्या. जमिनीवर त्यांनी धनगरवाड्यातून आणलेलं घोंगडं अंथरलं.

हिशेब सांगतो, कारण गटात हिशेब सांगावा लागतो. वहिनींनी पंचवीस हजारांऐवजी नऊ हजार घेतले. खिडक्या समोरासमोर आणि मोठ्या करायला साडेतीन हजार. ओट्याच्या फरशीला दोन हजार आठशे. फळ्या आणि खुंट्यांना दोन हजार शंभर. चुना, गेरू, कुंचल्यांना सहाशे. पाच कोनाडे भिंतीबरोबरच झाले, त्याचे गवंड्यानं वेगळे पैसे घेतले नाहीत. ओटा बत्तीस इंच. गवंडी म्हणाला होता, “बाई, उंची आम्हाला कळते.” वहिनी म्हणाल्या, “भाकरी तुम्ही थापणार का?” मग तो हसला आणि सांगितली तशी वीट लावली.

खरं सांगायचं तर वहिनींच्या मनातला सोफा अजून गेलेला नाही. आम्हीही त्यांना तो विसरा असं म्हणत नाही. कर्ज फिटल्यावर, शेळीच्या पैशातून त्या तो घेतील आणि आम्ही त्यावर बसून चहा पिऊ. सोयीच्या गोष्टी आधी आणि हौसेच्या नंतर, एवढंच गटानं ठरवलं आहे.

जाता जाता शेवटचं. घरकुलाच्या योजनेत घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावं आणि त्यात स्वयंपाकाला स्वच्छ, स्वतंत्र जागा असावी असा नियम आहे. ते घर नवरा-बायको दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे देता येतं, हेही त्यात आहे. वहिनींच्या घराची नक्षी पूर्ण झाल्यावर काकूंनी सहज विचारलं, “नमुना आठला नाव कुणाचं लागलंय?” वहिनींना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी ग्रामपंचायतीत गेलो आणि उतारा मागितला. त्यावर दोघांचंही नाव नव्हतं, अजून सासऱ्यांचंच होतं. अर्ज दिला, पोच घेतली आणि दोन मासिक सभा पाठपुरावा केला. आता उताऱ्यावर दोघांची नावं आहेत. तो उतारा वहिनींनी पाचव्या कोनाड्यात, पत्र्याच्या डबीत ठेवला आहे.

तुम्हाला आमचं एवढंच सांगणं. पुढच्या बैठकीला एकीच्या घरी जमा. पावलं मोजा, ओटा मापा, म्हाताऱ्या माणसाचा हात कुठं पोचतो ते बघा. निघताना प्रत्येकीनं एक युक्ती सांगा आणि ती वहीत लिहा. आणि जी म्हणेल, माझ्याकडे बघण्यासारखं काही नाही, तिच्याकडे तिची परवानगी घेऊन एकदा नक्की जा.

येतो आम्ही. तुमच्या गावातल्या युक्त्या आम्हाला कळवा. नमस्कार.